सूर्य मावळला, वीज कुठून आणायची?

भिलाईहून बोलतोय. आजचा विषय आहे देशादेशांना जोडणाऱ्या समुद्राखालच्या वीजवाहिन्या.

सौर विजेची अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. दुपारी ती भरपूर असते; संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा नसते. यावर एक उपाय बॅटरीचा. आमच्या शेजारी राजनांदगावला सौर प्रकल्पाजवळ ४० मेगावॅटची बॅटरी आहे. ती पूर्ण क्षमतेनं तीन तास वीज देते. दुसरा उपाय म्हणजे जिथं अजून ऊन आहे, तिथून वीज आणायची.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. भिलाई आणि मस्कत यांच्यात सुमारे २३ अंशांचं अंतर, म्हणजे आपल्यानंतर दीड तासानं तिथं सूर्य मावळतो. संध्याकाळी त्यांनी आपल्याला वीज द्यावी, सकाळी आपण त्यांना. भारतानं २०१८ साली मांडलेल्या ‘एक सूर्य, एक विश्व, एक ग्रिड’ या कल्पनेचं सार हेच.

मग नेहमीची एसी वीज समुद्रातून का नेत नाहीत? लांब केबल कॅपेसिटरसारखी वागते. एसी सेकंदाला ५० आवर्तनं करते, त्यामुळे केबल भरण्यात आणि रिकामी करण्यातच प्रवाह खर्ची पडतो. डीसीमध्ये केबल एकदाच भरते. म्हणून १९५४ साली स्वीडननं गॉटलंड बेटाला डीसी केबलनं वीज दिली. आज ब्रिटन आणि नॉर्वे यांच्यातली केबल ७२० किलोमीटर लांब असून १,४०० मेगावॅट वाहून नेते.

डीसीचा आणखी एक फायदा आहे. दोन ग्रिडचा ठेका जुळावा लागत नाही. २०१३ च्या ३१ डिसेंबरला रायचूर–सोलापूर वाहिनी सुरू होईपर्यंत दक्षिणेचं ग्रिड वेगळ्या ठेक्यावर चालायचं, तरी चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीहून डीसीमार्गे देवाणघेवाण होत होती. बांगलादेशलाही आपण २०१३ पासून भेरामारामार्गे अशीच वीज देतो. आमच्या रायगडहून, म्हणजे छत्तीसगडच्या रायगडहून, तमिळनाडूतल्या पुगलूरपर्यंत ६,००० मेगावॅटची डीसी वाहिनी जमिनीवरून जाते. तंत्र आपल्या हातात आहे.

खरा प्रश्न भरवशाचा. फौजेत रसद एकाच रस्त्यावर सोडत नाहीत. २५ डिसेंबर २०२४ ला फिनलंड–एस्टोनिया दरम्यानची एस्टलिंक-२ केबल निकामी झाली. दुरुस्तीला काही महिने लागले. तरी एस्टोनिया अंधारात गेला नाही, कारण वीज यायला इतर वाटा होत्या.

म्हणून माझं मत सांगतो. केबल जरूर टाकावी, पण सर्वांत मोठी केबल तुटली तरी रुग्णालयं, रेल्वे आणि इथल्या पोलाद कारखान्यातल्या भट्ट्या चालू राहतील एवढी राखीव वीज घरात हवी. शेजाऱ्याकडून विरजण जरूर आणावं. पण गोठा विकून नव्हे.

जय हिंद.