महाराष्ट्रातील राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके आणि त्यांचा प्रवासी

प्रस्तावना

महाराष्ट्राला लेणी, दुर्ग, मंदिरे व जलदुर्ग यांचा समृद्ध वारसा लाभलेला आहे. हा वारसा पाहण्यासाठी येणारा प्रवासी हा पर्यटन व्यवसायाचा आधार मानला जातो आणि ते योग्यच आहे. तथापि ज्या वास्तूसाठी प्रवासी येतो, त्या वास्तूवर त्याच्या येण्याचाच परिणाम होत असतो, या बाजूकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात राज्यातील काही निवडक स्मारकांच्या आधारे प्रवासी व स्मारक यांच्यातील या संबंधाचा विचार केला आहे.

स्मारकांचे अधिकारक्षेत्र

‘ऐतिहासिक स्थळ’ हा शब्द बोलण्यात सैलपणे वापरला जात असला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यात स्पष्ट भेद आहेत. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ अन्वये जी स्मारके राष्ट्रीय महत्त्वाची ठरतात, त्यांचे जतन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग करतो. महाराष्ट्रात अशी अडीचशेहून अधिक स्मारके आहेत. याशिवाय राज्याच्या १९६० च्या अधिनियमानुसार संरक्षित असलेली स्मारके राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे असतात. युनेस्कोची जागतिक वारसा यादी ही तिसरी आणि स्वतंत्र गोष्ट होय.

हा भेद केवळ कागदोपत्री नाही. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी जिंजी तमिळनाडूत आहे, उर्वरित अकरा महाराष्ट्रात आहेत. या अकरांमधील रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग व सुवर्णदुर्ग केंद्राच्या, तर राजगड, साल्हेर, प्रतापगड व खांदेरी राज्याच्या अखत्यारीत येतात. राजगडावरून रायगडाकडे पाहणाऱ्या प्रवाशाला दोन्ही गड एकाच इतिहासाचे वाटतात. ते तसे आहेतही. परंतु त्यांची डागडुजी करणारा हात मात्र वेगळा आहे.

केंद्रीय अधिनियमात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित असते. स्मारकाचे नुकसान करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भिंतीवर नाव कोरणे हाही या अर्थाने गुन्हाच ठरतो.

अजिंठा : पाहणाऱ्यांचा इतिहास

नाव कोरण्याची ही खोड आजची नव्हे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात आला असता त्याच्या दृष्टीस अजिंठ्याची लेणी पडली. दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. ते नाव आज माणसाच्या डोक्याच्या बरेच वर दिसते, कारण त्या वेळी लेण्यात मातीचा व दगडांचा थर साचलेला होता. ज्याच्यामुळे लेणी जगासमोर आली, तोच तेथील पहिला अर्वाचीन विद्रूपकर्ताही ठरावा, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

त्यानंतर जे आले ते चित्रे वाचविण्याच्या हेतूने आले. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अनेक वर्षे खपून चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतीलही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. पुढे निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. सुटणारा रंग धरून ठेवण्यासाठी त्यांनी वापरलेले लाखेचे रोगण कालांतराने पिवळे व काळपट पडले. ते काढणे हे नंतरच्या रसायनतज्ज्ञांचे मोठेच काम होऊन बसले.

ही चित्रे इतकी नाजूक का, हे त्यांच्या रचनेवरून समजते. ओल्या चुन्यावर रंगविलेली ही भित्तिचित्रे नव्हेत. खडबडीत दगडावर माती, वनस्पतींचे तंतू, भुसा इत्यादींचा गिलावा देऊन, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवून, सुकलेल्या पृष्ठभागावर ती काढलेली आहेत. रंग भिंतीत मुरलेला नसून भिंतीवर बसलेला आहे. गिलाव्यातील सेंद्रिय अंश कीटकांना आकर्षित करतो, दमटपणाने गिलावा फुगतो व दगडापासून सुटतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचा वापर आढळला असून त्यामुळे तेथे कीटकांचा उपद्रव कमी झाला असावा, असे अनुमान काढण्यात आले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ही वनस्पती सापडली नाही.

येथे प्रवाशाचा संबंध येतो. क्रमांक १, २, १६ व १७ या चित्रसमृद्ध लेण्यांत गर्दी झाली की श्वासातील बाष्प व कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि बंदिस्त जागेतील हवा लवकर पालटत नाही. म्हणूनच फ्लॅशच्या छायाचित्रणास बंदी, सौम्य प्रकाशयोजना व एका वेळी मर्यादित प्रवेश हे उपाय करण्यात आले. खासगी वाहने सुमारे चार किलोमीटर अलीकडे फर्दापूर फाट्यावर थांबवून पुढे बसने नेण्यामागेही धूर लेण्यांपासून दूर ठेवण्याचाच हेतू आहे. अनेक प्रवाशांना ही बस म्हणजे विनाकारण केलेली अडवणूक वाटते. तिचे कारण फाट्यावरच ठळकपणे सांगितले गेल्यास ही तक्रार बरीच कमी होईल. अजिंठा सोमवारी व वेरूळ मंगळवारी बंद असते, ही साधी माहिती नसल्यामुळेही दूरवरून आलेल्यांचा हिरमोड होतो.

यात्रा आणि पर्यटन

सर्वच स्थळांना ‘पर्यटक’ हा शब्द लागू पडत नाही. कार्ले येथील चैत्यगृह हे देशातील सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह असून त्याच्या छताच्या मूळ लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. त्याच्या अगदी दाराशी एकवीरा देवीचे मंदिर आहे. कोळी समाजासह असंख्य भाविक पायऱ्या चढून येतात ते आईच्या दर्शनाला. त्यांच्या दृष्टीने लेणे हा देवीच्या परिसराचा भाग असतो. अशा ठिकाणी यात्रेकरूला अडथळा समजून केलेले नियोजन यशस्वी होणे कठीण.

रायगडाचेही काहीसे असेच आहे. १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने तेथे शिवोत्सव झाला. आज ६ जून रोजी आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस राज्याभिषेक दिनानिमित्त लोकांचा महापूर लोटतो. हा काळ नेमका पावसाच्या तोंडाचा. निसरड्या पायऱ्या, ढासळते कडे आणि एकाच दिवशी येणारा जनसमुदाय यांचा मेळ घालणे हे तेथील व्यवस्थेपुढील खरे आव्हान आहे. १९९६ मध्ये रोपवे सुरू झाल्याने वृद्धांची सोय झाली, हे मान्य करावे लागेल.

आख्यायिका आणि नोंद

प्रवासी स्थळावरून काय घेऊन जातो, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. विजयदुर्गावरील ‘साहेबाचे ओटे’ दाखवून, १८६८ च्या सूर्यग्रहणात लॉकियर या शास्त्रज्ञाने येथूनच हेलियमचा शोध लावला, असे सांगितले जाते. वस्तुतः त्या ग्रहणाचे सुप्रसिद्ध निरीक्षण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूर येथून केले. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होता आणि त्याने ती पिवळी वर्णरेषा ऑक्टोबरमध्ये तेथूनच नोंदविली. तो विजयदुर्गावर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी. खरी हकिकतही या जलदुर्गाला कमीपणा आणणारी नाही. ती सांगितली जावी इतकेच.

दुर्लक्षित स्मारके

गर्दीच्या प्रश्नाची दुसरी बाजू सिन्नर येथे दिसते. यादवकालीन गोंदेश्वर हे भूमिज शैलीतील शैव पंचायतन असून मध्यभागी महादेवाचे मुख्य मंदिर व चार कोपऱ्यांत पार्वती, गणेश, सूर्य आणि विष्णू यांची लहान मंदिरे आहेत. एकाच जोत्यावर पाचही मंदिरे उभी असलेली अशी रचना राज्यात क्वचितच पाहावयास मिळते. हे स्मारकही राष्ट्रीय महत्त्वाचे आहे. नाशिकहून शिर्डीला जाणारी वाहने सिन्नरवरूनच जातात, पण त्यांतील फारच थोडी गोंदेश्वराकडे वळतात. मंदिर निवांतपणे पाहण्यास तासभर पुरतो, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात शिखरावरील कोरीव काम सर्वांत स्पष्ट दिसते.