खाटेजवळची शाळा

घरच्या माणसाला घेऊन तुम्ही रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात गेला आहात असे समजा. खाट मिळाली, सलाइन लागली, सिस्टरने ताप पाहिला. तुम्ही जरा टेकता न टेकता तोच पांढरा एप्रन घातलेली दोन पोरे येतात. वय वीस-एकवीस. गळ्यात नवा कोरा स्टेथॉस्कोप, हातात वही. ‘‘काका, काय त्रास होतो?’’ तुम्ही सगळे सांगता. ती जातात. घटकाभराने आणखी तिघे येतात आणि पुन्हा तोच प्रश्न! तुमचे डोके तापते. ‘‘अहो, आताच तर सांगितले ना! तुमचे एकमेकांशी बोलणे नाही काय?’’

राग येणे साहजिक आहे. पण ही पोरे अजून डॉक्टर झालेली नाहीत, व्हायची आहेत. रोग्याला काय विचारावे आणि त्याचे कसे ऐकावे, हा त्यांचा पहिला धडा तुमच्या खाटेजवळ चालू असतो. या शाळेतले मास्तर तुम्हीच आहात.

आता कॉलेज आपल्या दारी

पूर्वी रत्नागिरीच्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर मुंबई, पुणे किंवा मिरज गाठावे लागे. २०१५ साली चिपळूण तालुक्यात डेरवणला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०२३ साली रत्नागिरीत शासकीय महाविद्यालय निघाले आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडले गेले. त्यामुळे आता तुमच्या खाटेभोवती ही पोरे दिसतात.

त्यांचे शिक्षण साडेचार वर्षांचे, वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीराची रचना आणि त्याचे कामकाज शिकायचे. कोणा भल्या माणसाने मरणोत्तर दान केलेला देह हा त्यांचा पहिला गुरू. दुसऱ्या वर्षापासून वॉर्डात नेमणूक होते. २०१९ साली नवा अभ्यासक्रम आल्यापासून रोग्यांशी थोडी ओळख पहिल्या वर्षीच करून देतात.

पहिला दिवस

वॉर्डातल्या पहिल्या दिवशी कुठे उभे राहावे हेसुद्धा कळत नाही. सिस्टर म्हणते, ‘‘बाजूला व्हा.’’ लादी पुसणाऱ्या मावशी म्हणतात, ‘‘पाय उचला.’’ परीक्षेत पहिल्या आलेल्या पोराला रोग्याची नाडी सापडत नाही. सापडली तर ती रोग्याची की आपल्याच बोटाची, असा संशय येतो!

स्टेथॉस्कोप कानाला लावला की सगळे कळते, असे आपल्याला वाटते. त्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८१६ साली फ्रान्समधल्या लेनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावायला संकोच वाटला. त्याने कागदाची सुरळी करून छातीवर टेकवली, तर आवाज अधिकच स्पष्ट आला. त्यातूनच हे यंत्र निघाले. पण नव्या विद्यार्थ्याला त्यातून नुसती खरखर ऐकू येते. शेकडो छात्या ऐकाव्या तेव्हा कुठे कान तयार होतो.

मग भाषेची अडचण. आजी म्हणते, ‘‘मला चक्कर येते.’’ विद्यार्थी लिहून घेतो आणि मोकळा होतो. सर विचारतात, ‘‘म्हणजे नेमके काय? घर भोवती फिरते? उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते? की चालताना तोल जातो?’’ विद्यार्थी गप्प. शब्द एक, पण पहिल्याचे मूळ कानात असू शकते, दुसऱ्याचे रक्तदाबात, तर तिसऱ्याचे मेंदूत किंवा पायांच्या नसांत. पोरगा परत खाटेजवळ येतो. तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारतात ते यासाठी.

वीस मिनिटांची नळी

कोकणच्या वॉर्डात जे दिसते ते मुंबईच्या वॉर्डात क्वचितच दिसते. फुरसे चावलेला माणूस येतो. पाय सुजलेला, कधी हिरड्यांतून रक्त झिरपते. विष रक्तात भिनले का, हे ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन ती न हलवता वीस मिनिटे उभी ठेवतात. मग हलकेच तिरपी करून बघतात. रक्त गोठले नसेल तर विष चढले आहे, प्रतिविष द्यायला हवे. नळीवर नजर ठेवायचे काम पुष्कळदा विद्यार्थ्याकडे येते. दाराशी रोग्याची बायको पदर तोंडाला लावून उभी असते. ती वीस मिनिटे किती लांब असतात, हे तो जन्मभर विसरत नाही.

मण्यारीचे याहून अवघड. ती रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. सूज नसते, दातांची खूणही बहुधा सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात. घरचे म्हणतात, ‘‘काल काहीतरी बाधले.’’ तेवढ्यात विद्यार्थी विचारतो, ‘‘रात्री कुठे झोपला होता?’’ प्रश्न खुळा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर जीव वाचू शकतो.

पावसाळ्यात तापाचा रोगी आला की विचारतात, ‘‘लावणीला चिखलात उतरला होता का? पायाला जखम होती का?’’ उंदराच्या किंवा गुराच्या मुतातले लेप्टोचे जंतू साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे अंगात शिरतात. ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल, अशी त्याची लक्षणे. वेळेवर ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो. अंगावर काढला तर मूत्रपिंडावर जातो.

एका शेतकऱ्याच्या मुलाने काय केले

ऐकण्याची किंमत किती असते याचा दाखला शेजारच्या रायगड जिल्ह्यात आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या शेतकरी कुटुंबातला मुलगा नागपूरला शिकून डॉक्टर झाला आणि १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आला. ते डॉ. हिंमतराव बावस्कर. पेंढ्यात, गडग्याच्या दगडांत, सरपणात लपलेला लाल विंचू कोकणात तेव्हा तरण्याताठ्या माणसांचे जीव घेत होता. बावस्करांनी विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी रात्री बसून काढल्या. उलटी केव्हा झाली, घाम केव्हा फुटला, हातपाय केव्हा गार पडले, सारे लिहून ठेवले. विष हृदयावर घाला घालते, हे त्या नोंदींतून उलगडत गेले. १९८२ साली त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत छापून आले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांनी या विषावर वापरले. गंभीर रोग्यांत शंभरात ४० च्या घरात असलेले मृत्यू १ च्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या शोधाची सुरुवात रोग्याच्या उशाशी झाली होती.

पहिले मरण

सगळेच रोगी मात्र वाचत नाहीत. काल ज्या म्हाताऱ्याने ‘‘जेवलास का रे बाबा?’’ म्हणून विचारले, त्याची खाट आज रिकामी दिसते, चादर बदललेली असते. पोरगा जिन्यात जाऊन डोळे पुसतो. पुढे दुसऱ्या घरच्यांना असेच सांगायची पाळी आपल्यावर येणार, हे त्याला त्या दिवशी कळते. अशा वेळी जुनी सिस्टर पाठीवर हात ठेवते आणि म्हणते, ‘‘चल, पलीकडच्या खाटेवर सुई द्यायची आहे.’’

तुमचे काम

मंडळी, या शाळेतले मास्तर म्हणून थोडे तुमच्यावरही आहे. काय झाले ते पहिल्यापासून, वेळेसकट सांगा. जनावर चावले तर वेळ ध्यानात ठेवा. आवळून बांधणे, कापणे, चोखणे यात वेळ घालवू नका. चावलेला हातपाय न हलवता तडक दवाखाना गाठा. फवारणीचे औषध बाधले किंवा कसेही पोटात गेले, तर डबा लेबलासकट बरोबर आणा आणि काही लपवू नका. आधी भगताकडे गेला असाल, झाडपाला दिला असेल, तर तेही सांगा. दारूचेही खरे सांगा.

तुमचा हक्कही जाणून घ्या. विद्यार्थ्याने तपासू नये असे वाटले तर तसे सांगता येते, त्यामुळे उपचारात कमी करता येत नाही. बाईमाणसाला पुरुष विद्यार्थी तपासत असेल तर जवळ दुसरी बाई हवी, असा आग्रह धरा. थकला असाल तर ‘‘बाळा, मागाहून ये’’ म्हणा.

आता हे विद्यार्थी नेमून दिलेल्या कुटुंबांना भेटायला गावातही येतात. तुमच्या घरी आले तर पाणी द्या, बसवा, मोकळेपणाने बोला. उद्या तुमच्याच शेजारची पोर असा एप्रन घालून परक्या गावच्या वॉर्डात बावरून उभी असेल. तिला नाडी सापडेपर्यंत कोणीतरी हात पुढे करून शांत बसलेला असावा, असे तुम्हालाही वाटेलच ना?