तिवर आणि यकृताची एकच युक्ती

नवी मुंबईत उलव्याच्या खाडीकडच्या बाजूला ओहोटीच्या वेळी गेलात, तर तिवराचं एखादं पान जवळून बघा. पानावर मिठाचे बारीक कण चमकत असतात. खाऱ्या पाण्यावर जगणारं हे झाड नको असलेलं मीठ पानातल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. पान चाखायचा मोह मात्र आवरा. मिठाबरोबर थोडं जस्त आणि तांबंही याच वाटेने बाहेर पडतं, असं ऑस्ट्रेलियातल्या तिवरांच्या अभ्यासात दिसलं आहे.

आपल्या तिवरांनाही धातूंची ओळख जुनी आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि तळोज्याच्या कारखान्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं या खाड्यांत येत राहिलं. ठाणे खाडीत पारा असल्याचा शोधनिबंध 1981 सालचा आहे. अशा गाळात झाड जगतं कसं? चिखलातून वर डोकावणारी श्वसनमुळं हवा आत घेतात, त्यातला थोडा प्राणवायू मुळांभोवती झिरपतो आणि गाळातलं लोह तिथेच गंजतं. त्या गंजाच्या थरात बरेच धातू अडकतात. तरीही काही आत शिरतातच. वनस्पतींच्या पेशीत त्यांची गाठ पडते ग्लुटाथायोनशी.

हा रेणू अगदी छोटा आहे. तीन अमिनो आम्लं, मधल्यावर गंधकाचा एक अणू. शिसं, पारा, कॅडमियम यांना गंधकाची विलक्षण ओढ. 1985 मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवलं की वनस्पती लांब साखळ्या बनवतात आणि त्यांत धातू जखडतात. या साखळ्या ग्लुटाथायोनपासूनच बनतात. मग ही मोट पेशीतल्या एका पिशवीत बंद होते.

आता थक्क करणारी गोष्ट. हेच ग्लुटाथायोन तुमच्या-माझ्या यकृतातही आहे, आणि भरपूर आहे. कालवं, तिसऱ्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातले धातू त्यांच्या अंगात साठतात आणि ताटातून आपल्याकडे येतात. यकृत त्यांतले काही ग्लुटाथायोनला बांधून पित्तावाटे बाहेर घालवतं. पण धातूचा मारा वाढला की साठा खर्च होतो. मग एरवी ग्लुटाथायोनच्या मदतीने निकाली निघणारं हायड्रोजन पेरॉक्साइड उरतं, सुट्या लोहाशी त्याची गाठ पडते आणि त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय जहाल कण जन्मतो. तो वाटेत येईल ते जाळतो, पेशीचं आवरणसुद्धा. त्यात भर म्हणजे कॅडमियम एकदा शरीरात शिरलं की दहा-दहा वर्षं मुक्काम हलवत नाही.

हळद, आवळा, कांदा इथे कामी येतात म्हणतात, ते कसं? हळदीतलं कुरकुमिन स्वतः ही आग विझवत असेल, असा सर्वसाधारण समज आहे. पण खाल्लेल्या कुरकुमिनपैकी रक्तात पोचतं अगदी थोडं. त्याची खरी करामत मला वेगळीच वाटते. सोसायटीच्या गेटवर कुणी उगाच खडखडाट केला तर पेंगणारा वॉचमन खडबडून जागा होतो, तसं काहीसं. पेशीतलं कीप1 नावाचं प्रथिन एनआरएफ2 या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं. कुरकुमिन कीप1च्या गंधकालाच डिवचतं, एनआरएफ2 सुटतं आणि पेशीच्या केंद्रकात जाऊन जास्त ग्लुटाथायोन बनवायचा हुकूम सोडतं. म्हणजे लढतं यकृतच, वनस्पती फक्त त्याला उठवते.

उंदरांवरच्या प्रयोगांत हे छान दिसतं. कॅडमियम किंवा शिशाबरोबर कुरकुमिन दिलं की यकृताची हानी कमी होते. माणसांत मात्र हा उपचार म्हणून सिद्ध झालेला नाही. आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हेही खरं नव्हे. 2020च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. हळदीच्या तीव्र गोळ्यांनी यकृत बिघडल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत आहेत.

विरोधाभास बघायचा तर बांगलादेशात बघा. तिथे हळकुंडांना पॉलिश करताना पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे चक्क शिसं, चोळलं जात होतं. 2019 मध्ये संशोधकांनी ते उघड केलं, सरकारने धाडी घातल्या आणि दोन वर्षांत बाजारातली भेसळ जवळपास संपली.

तेव्हा वरण-भाजीतली हळद बिनघोर खा, पण डोळे दिपतील इतकी पिवळी असेल तर दुकानातच ठेवा. आणि अंगात शिसं गेल्याची शंका असेल तर काढा उकळत बसू नका. रक्ततपासणी करून घ्या.