बुलढाण्यात शिवसेना विरुद्ध शिवसेना, त्याचा अमेरिकेशी काय संबंध?

841. नोव्हेंबर 2024 मध्ये बुलढाणा विधानसभेचा निकाल एवढ्याच मतांनी फिरला. शिंदेंच्या शिवसेनेचे संजय गायकवाड आले, ठाकरेंच्या शिवसेनेच्या जयश्री शेळके पडल्या. त्याच वर्षी लोकसभेलाही दोन शिवसेना समोरासमोर होत्या. प्रतापराव जाधवांनी नरेंद्र खेडेकरांना 29,479 मतांनी हरवलं.

आता गंमत बघा. जून 2022 पर्यंत शिवसेना एकच होती. मग भांडण कशावरून? सोयाबीनच्या भावावरून? नाही. घुमत राहिले ते ‘गद्दार’ आणि ‘निष्ठावंत’ हे शब्द. (शेळके निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेसमधून आल्या होत्या, हेही लक्षात असू द्या.)

याला अभ्यासक ‘भावनिक ध्रुवीकरण’ म्हणतात. समोरच्याचं धोरण न पटणं वेगळं आणि समोरचा माणूसच नकोसा होणं वेगळं. अमेरिकेत 1960 साली लोकांना विचारलं होतं, तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर चालेल का? नाराजी सांगणारे जेमतेम 5 टक्के होते. 2010 मध्ये रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश लोक नाराज होते. तिथे धर्म, वर्ण, शहर की खेडं, सगळं हळूहळू पक्षाच्या खात्यात जमा झालं. त्यामुळे पक्षावर टीका झाली की ती थेट आपल्यावर झाल्यासारखी वाटते. फॅमिली ग्रुप सोडून गेलेल्या काकांना हे वेगळं सांगायला नको!

आपल्याकडे मात्र एक फट आहे. लोकसभेला रविकांत तुपकर अपक्ष उभे होते. मागे मोठा पक्ष नाही, मुद्दा सोयाबीन-कापसाचा. त्यांना सुमारे अडीच लाख मतं पडली. ‘खरी शिवसेना कुणाची’ या प्रश्नाला बगल देऊन एवढ्या लोकांनी दोन्ही सेनांबाहेरचं बटण दाबलं. माझ्या मते त्या निकालातली सगळ्यात मोठी बातमी हीच होती, पण चर्चा झाली ती धनुष्यबाण आणि मशालीची.

तुपकर तिसरे आले. ज्याला सर्वाधिक मतं तो खासदार, त्यामुळे त्या अडीच लाखांचा दिल्लीत आवाज नाही. त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता. बाजार समितीत भाव त्याच्या खाली होता, गाडी कुठल्याही सेनेच्या मतदाराची असो.