ॲडमिशन देण्याआधी एकदा ॲडमिशन घ्यायला जा!



"सर, घराचा तळमजला रिकामा आहे. मॉन्टेसरी सुरू करू का?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये येतो. विचारणाऱ्या बहुतेक ताई असतात. कुणाचं डी.एड. झालेलं असतं, कुणी लहान मुलांच्या शिकवण्या घेत असतात. मी त्यांना जागा, भाडं, फी, मुलांची संख्या असा हिशेब फळ्यावर मांडून द्यायचो. मागच्या वर्षी माझ्याच लेकीची ॲडमिशन घ्यायची वेळ आली, आणि कळलं की या हिशेबातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा मी मांडतच नव्हतो.

पहिली भेट: पाटी एक, आत दुसरंच

आम्ही दोन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी एसी ऑफिस, गुळगुळीत माहितीपत्रक, "आज बुक केलंत तर डिपॉझिटमध्ये सूट". पाटीवर मोठ्या अक्षरात मॉन्टेसरी. मी म्हटलं, वर्ग बघू का? आत तीन-साडेतीन वर्षांची मुलं रांगेत बसून ए-बी-सी-डी गिरवत होती. मॉन्टेसरीचं साहित्य होतं, पण काचेच्या कपाटात, कुलपात! "मुलं तोडतात हो," असं उत्तर मिळालं.

मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये, सॅन लोरेंझो या गरीब कामगार वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. मूल स्वतःच्या हातांनी काम करत शिकतं, हा त्या पद्धतीचा पाया. दहा गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा असतो, सगळ्यात लहान ठोकळा १ सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा १० सेंटिमीटरचा. मनोरा चुकला तर तो मुलाला स्वतःलाच दिसतो, बाईंनी सांगावं लागत नाही. तो मनोरा कपाटात बंद असेल, तर उरते फक्त पाटी. आणि पाटी कुणीही लावू शकतं. म्हणून पालक पाटीवर विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांनी ठेवूही नये.

दुसरी भेट: "अर्धा तास नुसतं बसा"

दुसरी जागा एका जुन्या बंगल्याचा तळमजला. दोन खोल्या, एक पडवी. तिथल्या ताईंनी फीबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला कोपऱ्यातल्या छोट्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "अर्धा तास नुसतं बघा. बोलू नका, मुलांना मदतही करू नका."

एक मुलगा जगमधून पेल्यात पाणी ओतत होता. सांडलं. मी उठणार तेवढ्यात ताईंनी हातानेच थांबवलं. मुलाने खुंटीवरचं फडकं आणलं, फरशी पुसली, परत ओतायला बसला. पाच-साडेपाच वर्षांची एक मुलगी एका छोट्याला खरखरीत कागदाची अक्षरं बोटाने गिरवायला शिकवत होती. ताई दुसऱ्या खोलीत होत्या.

मित्रांनो, अशी जाहिरात कुठल्याच माहितीपत्रकात छापता येत नाही.

सुटलेला आकडा

मग ताईंनी मलाच प्रश्न विचारला. "मुलीला तीन वर्षं ठेवणार का? चौथ्या वर्षी काढणार असाल तर आत्ताच सांगा."

मी चकित झालो. समोर ग्राहक पैसे घेऊन बसलाय आणि या अट घालतायत! त्यांनी समजावलं. मॉन्टेसरीत ३ ते ६ वयाची मुलं एकाच वर्गात असतात. पहिल्या वर्षी मूल बघतं, दुसऱ्या वर्षी करतं, तिसऱ्या वर्षी लहानांना शिकवतं. "मोठी मुलंच निघून गेली तर माझा वर्ग अर्धा होतो. ती मोठी मुलगी बघितलीत ना? ती नसती तर तुम्ही काय बघायला आला असता?"

घरी येऊन मी हिशेब मांडला. समजा ३० जागा आहेत. प्रत्येक मूल तीन वर्षं टिकलं, तर दरवर्षी १० बाहेर पडणार आणि १० नवीन लागणार. प्रत्येक मूल एका वर्षात गेलं, तर दरवर्षी ३० नवीन शोधा! बॅनर, पॅम्फ्लेट धरून एका ॲडमिशनमागे १,००० रुपये खर्च धरला, तर एकीकडे १० हजार, दुसरीकडे ३० हजार. आणि दुसऱ्या गणितात लहानांना शिकवणारी मोठी मुलं तयारच होत नाहीत. मुलं टिकण्याचा हा आकडा माझ्या फळ्यावर कधीच नव्हता.

पण पालकाची भीतीही खरी आहे

आता खुर्चीच्या या बाजूने बघा. आमच्या भागातल्या मोठ्या शाळा नर्सरी किंवा ज्युनिअर केजीलाच जागा भरतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ६ ही वर्षं शालापूर्व शिक्षणाची आणि सहाव्या वर्षी पहिली अशी मांडणी आहे, म्हणजे तीन वर्षं मॉन्टेसरीत ठेवणं धोरणाला धरूनच. पण पहिलीला जागाच उरली नाही तर? बायको रात्रभर हेच विचारत होती, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "हो, तो धोका आहे. खात्री मी देऊ शकत नाही." मग वही काढली. त्यांच्याकडून बाहेर पडलेली मुलं पहिलीला कुठल्या शाळांत गेली त्याची यादी होती, आणि कुणाला पहिल्या पसंतीची शाळा मिळाली नाही, तेही लिहिलेलं होतं. त्या वहीमुळे आम्ही ॲडमिशन घेतली. लेक आता दुसऱ्या वर्षात आहे. पहिलीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, पण आम्ही डोळे उघडे ठेवून निर्णय घेतला.

तुम्ही सुरू करणार असाल तर

१. आधी पालक म्हणून तीन ठिकाणी जाऊन या. वर्ग चालू असताना बसू देतात का ते बघा, आणि तुमच्याकडेही तीच सोय ठेवा.

२. प्रशिक्षण आधी, पाटी नंतर. साहित्य कसं मांडायचं, कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हे शिकावं लागतं. नोंदणीचे नियम स्थानिक शिक्षण विभागात जाऊन विचारून घ्या.

३. पहिल्याच वर्षी ३० जागा भरू नका. सगळी तीन वर्षांचीच मुलं आली तर त्यांना दाखवायला मोठं कुणीच नसतं. १०-१२ मुलांनी सुरुवात करा, दरवर्षी वाढवा.

४. साहित्याच्या खर्चाला घाबरू नका. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. पुढे १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा बिया, खडे, पानं, शिंपले असं आसपास मिळणारं साहित्य वापरलं. काही वस्तू विकत घ्याव्याच लागतील, पण सगळ्या नाही.

५. तीन वर्षांची गोष्ट पहिल्या भेटीतच बोला. फी परत कधी मिळेल, कधी नाही, हे लेखी द्या.

६. मुलं पुढे कुठे गेली याची वही पहिल्या तुकडीपासून ठेवा. दोन-तीन वर्षांनी तुमची खरी जाहिरात तीच असेल.

ॲडमिशनला आम्ही धंदेवाले "विक्री" म्हणतो. इथे ती दोन्ही बाजूंनी केलेली निवड आहे. चुकीच्या पालकाला "नको" म्हणायची हिंमत असेल, तरच योग्य पालक तीन वर्षं टिकतो.

तुमच्या गावात कुणी अशी बालवाडी चालवत असेल तर त्यांना हा लेख पाठवा. आणि तुमच्या व्यवसायात एक ग्राहक सरासरी किती दिवस टिकतो? आज रात्री वही काढा, मोजा आणि कमेंटमध्ये आकडा लिहा.