म्हातारपणची साखर आणि घरातलं अर्धा लिटर दूध

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीला उपकेंद्रातल्या सिस्टर आल्या आणि त्यांनी सगळ्यांची साखर तपासली. चाळिशीतल्या तिघींची जास्त निघाली. तिघीही बारीक अंगाच्या, दिवसभर रानात राबणाऱ्या. एक म्हणाली, "आईला होती, मला होणारच. रक्तातच आहे." आम्ही वाचलं, विचारलं. तिचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

आईवडिलांकडून मिळालेली जनुकं जन्मभर तीच राहतात. पण घरातली विजेची सगळी बटणं एका वेळी चालू असतात का? तसंच जनुकांचं. शरीर काही जनुकांवर मिथाइल नावाचा बारीक रासायनिक ठिपका बसवतं. ठिपका बसला की ते बटण बहुधा बंद राहतं. यालाच एपिजेनेटिक बदल म्हणतात. वय वाढतं तसे काही ठिपके गळतात, काही नको तिथे बसतात. २०१३ मध्ये स्टीव्ह होरव्हाथ या शास्त्रज्ञांनी तर नुसत्या ठिपक्यांवरून वयाचा अंदाज काढायची रीत शोधली. आधार कार्डावर वय कमी लावलेल्यांनी जपून!

हे ठिपके बनवायला फोलेट आणि बी-१२ लागतं. फोलेट पालेभाज्या-डाळींतून मिळतं. बी-१२ दूध, दही, अंडी, मटण-मासळीतून. आणि कितीतरी ठिपक्यांची मांडणी बाळ पोटात असतानाच होते. आपल्या तिघींच्या आयांनी तेव्हा काय खाल्लं होतं, कोणी विचारलं होतं?

पुण्यात मात्र कोणीतरी विचारलं. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले. तिथली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा हलकी, हातपाय बारीक, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. निम्म्याहून जास्त गरोदर बायकांत बी-१२ कमी होतं. ज्यांच्यात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नव्हतं. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते. यामागे हेच ठिपके असावेत, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

म्हणून गरोदरपणातली लोह-फोलिकची गोळी कोणी बंद करू नका हं, ती लागतेच. जोडीला बी-१२ हवं. आणि त्या तिघींनाही उशीर झालेला नाही. औषध, चालणं, जेवण सांभाळलं तर साखर आटोक्यात राहते. विडी सोडल्यावर तर तिच्यामुळे बदललेले बरेच ठिपके काही वर्षांत पूर्ववत होतात, हे घरातल्या पुरुषांना सांगा.

आता आपलीच गोष्ट. गटाने म्हशींना कर्ज दिलं, दूध डेअरीला गेलं आणि घरी उरलं ते चहापुरतं. सुनेच्या वाट्याला तेही नाही. आम्ही बैठकीत म्हटलं, रोज अर्धा लिटर घरी ठेवा, दही लावा, सुनेला आणि मुलीला आधी वाढा. एक सासूबाई उसळून म्हणाल्या, "मग हप्ता कोण भरणार?" प्रश्न रास्त होता. तासभर हिशेब केला. शेवटी चार घरांचा हप्ता कमी करून मुदत वाढवली. त्यात त्या सासूबाईंचंही घर आहे.