पायाखालचा समुद्र

मराठवाड्यातल्या लोहाऱ्याच्या माळावर समुद्री शंख शोधण्यात अर्थ नाही. इथला काळा बेसॉल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा. १९९३च्या भूकंपानंतर शेजारच्या किल्लारीत खोल छिद्र घेतलं, तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्ट, जेमतेम ८ मीटर गाळाचा खडक आणि त्याखाली थेट पुरातन पायाभूत खडक लागला.

समुद्र आहे तो घरात. शहाबादी फरशी हा कलबुर्गीकडचा चुनखडक, उथळ समुद्रात थरावर थर साचून झालेला. म्हणून तर तिच्या लाद्या सपाट सुटतात. ओट्यावर लिंबू सांडलं की पांढुरका डाग पडतो, तो आम्लानं खाल्लेला चुना. शिंपले मात्र तिच्यात मिळायचे नाहीत, कारण हा खडक कवचधारी प्राण्यांच्याही आधीचा मानला जातो.

शिंपल्यांचा चुनखडक नर्मदा खोऱ्यात बाघजवळ आहे. इजिप्तमध्ये तर गिझाच्या पिरॅमिडचे दगडच न्युम्युलाइट या समुद्री जीवांच्या नाण्यांएवढ्या कवचांनी भरलेत आणि वादी अल-हितानच्या वाळवंटात देवमाशांचे सांगाडे पडलेत. तिथला समुद्रतळ उचलला गेला, पाणी हटलं, वारा मऊ खडक झिजवत गेला. माती-गवताचं पांघरूण नसल्यानं हाडं उघडी राहिली.

देवघरातला शाळिग्रामही याच गोत्रातला. काली गंडकीत सापडणाऱ्या या शिळेतली चक्रं म्हणजे टेथिस या प्राचीन समुद्रातले अमोनाइट, म्हणजे कवचधारी प्राणी. भारतीय भूखंड आशियाला भिडला आणि त्या समुद्राचा तळ हिमालयात चढला. अमोनाइट मात्र त्याआधीच, आपल्याकडे लाव्हा वाहत होता त्याच सुमारास, जगातून संपले होते.